बाईसाहेबांच्या तोंडाला जाळी

ती. दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (हातांना काळा रंग लागलाय, म्हणून पाया लांबूनच पडते. कागदावरचे ठसे माझेच आहेत, घाबरू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची सर्दी हटली का? पोरं अभ्यास करतात, की अजून करणार आहेत? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्रात लिहायची म्हणून लिहिलेली ही खुशाली नव्हे, अगदी खरीखुरी आहे, आणि तिचं कारण सांगायलाच कात्री बाजूला ठेवून बसले आहे. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "अगं पण" म्हणतोस आणि माझा धागा तुटतो. पत्रात तुला "अगं पण" म्हणायची सोय नाही.

तर दादा, आम्ही बाईसाहेबांच्या तोंडाला जाळी बसवली! मी आणि बाबांनी, आपल्या हातांनी! (बाईसाहेब म्हणजे बाबांची गाडी. तू तिला "डबा" म्हणतोस ते बाबांना ठाऊक आहे.) गाडीच्या नाकाखाली आडव्या पट्ट्यांची ग्रिल असते ना, तिच्या मागे, आतल्या बाजूने. बाहेरून पाहिलं तर काही कळतसुद्धा नाही, आणि इथेच माझं दुःख आहे, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून, वाकायला लावून दाखवावं लागतं.

आता मुळापासून सांगते. गाडीला दगड लागला एवढंच तुला फोनवर सांगितलं होतं. झालं असं, की आम्ही हमरस्त्याने सरळ चाललो होतो, पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक दगड उडाला आणि ग्रिलच्या फटीतून थेट आत गेला. टण्ण! पुढच्याच वळणावर एसीतून कुणीतरी तोंडावर गरम फुंकर मारावी तशी हवा यायला लागली. गॅरेजवाल्याने पुढचा भाग उघडून दाखवलं, तर एसीचं ते पातळ पत्र्यांचं असतं ना, कंडेन्सर म्हणतात, त्याला भोक. (हा गॅरेजवाला म्हणजे सदा पित्त झाल्यासारखा चेहरा. गिऱ्हाईक दिसलं की त्याला त्रास होतो.) म्हणाला, "एवढ्या मोठ्या फटी ठेवल्यावर दगड नाही येणार, तर काय पाहुणे येणार?" नवीन कंडेन्सर बसवलं आणि वर बजावलं, की मागून जाळी लावून घ्या, नाहीतर उद्या पुन्हा हेच. लावून द्या म्हटलं, तर वेळ नाही.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. आता वय झालं, गाडी चालवणं पुरे, विकून टाका. आणि बाबा "बरं" म्हणाले. दादा, तुझ्या कानाला ते साधं वाटलं असेल, पण मी इथे समोर उभी होते. बाबांनी जन्मात कुणाला वाद घातल्याशिवाय "बरं" म्हटलंय का? डॉक्टरांनी ताप आहे म्हटलं तरी ते थर्मामीटर बदलून बघायला लावतात. त्यानंतर रोज सकाळी खाली जायचे, फडक्याने गाडी पुसायचे, आत बसायचे, किल्ली खिशातच ठेवायची, आणि थोड्या वेळाने दार हलकेच लावून वर यायचे. माझं शिलाई मशीन खिडकीपाशी असल्यामुळे मला सगळं दिसायचं. घरात वर्तमानपत्राशी भांडणंसुद्धा बंद झाली. आमचे हे म्हणाले, बाबा शांत झालेत, बरं वाटतंय. (ह्यांना शांतता कशीही आलेली चालते.) मला मात्र ते बघवेना. एके दिवशी दातांनी दोरा तोडता तोडता सहज विचारलं, "बाबा, जाळीचं माप घ्यायचं का?" दोऱ्याचं टोक माझ्या तोंडातच होतं, तोवर बाबा हातबॅटरी घेऊन दारात हजर!

पहिला प्रयत्न फसला, तो लपवत नाही. घरात स्वयंपाकघराच्या खिडकीची डासांची जाळी होती. बाबा म्हणाले, जाळी ती जाळी, दगडाला काय कळतंय. ती काढली, ग्रिलवर तारेने आवळून बांधली आणि ऐटीत चौकात गेलो. तिथे बाईसाहेबांनी बॉनेटखालून अशी वाफ सोडली, की शेजारच्या रिक्षावाल्याने पाण्याची बाटली आधी गाडीला दिली आणि मग आम्हाला. जाळीची भोकं इतकी बारीक, की दगडच काय, वाराही आत जाईना, मग इंजिन तापणार नाही तर काय होईल? ढकलत घरी आणली. इकडे उघड्या खिडकीतून अख्ख्या वस्तीतले डास स्वयंपाकघरात मुक्कामाला आले होते. ह्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत जेवण केलं. पण गंमत बघ, बाबा खचले नाहीत. उलट चिडले! वाफ, डास आणि जाळीवाला यांना एका दमात नावं ठेवली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग हार्डवेअरच्या दुकानातून चौकटीच्या नक्षीची, मोठ्या भोकांची अॅल्युमिनियमची जाळी आणली आणि काम माझ्या हातात आलं. दादा, गाडीचं तोंड आणि ब्लाउजची पाठ यांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे मधे सपाट आणि कडेला खोलगट. मी खाकी कागदाचा नमुना कापला, ग्रिलला लावून बघितला, कोपऱ्यात चुण्या घेतल्या, शिलाईसाठी जास्तीची कड सोडली. जाळीच्या कापलेल्या कडा सुईसारख्या टोचतात, म्हणून दुमडून त्यांना गोटासारखी रबराची पायपिंग लावली. बाबा मापं ओरडायचे, मी खडूने खुणा करायचे. अॅल्युमिनियम चमकतं, ते बाबांना नको. "बाईसाहेबांना या वयात चंदेरी दात शोभत नाहीत," म्हणाले. म्हणून जाळी कपड्यांच्या दोरीवर टांगली आणि काळा रंग फवारला. पलीकडच्या दोरीवर ह्यांचा पांढरा सदरा वाळत होता, तो आमच्या लक्षात आला तेव्हा त्याच्या पाठीवर जाळीची सुबक चौकटनक्षी उमटलेली होती. (हे तो सदरा घालून कामावर गेले. तिथल्या एका बाईंनी विचारलं, कापड कुठून आणलं?)

जाळी आतून लावायची तर बंपर उतरवायला हवा, आणि ते मात्र सोपं नव्हतं. तो प्लास्टिकच्या इवल्याइवल्या खिट्ट्यांनी अडकवलेला असतो. त्या उपसताना टिचकी मारल्यासारख्या उडतात. एक माझ्या केसात सापडली, एक अजून सापडलेली नाही. सगळ्या निघाल्या तरी बंपर हलेना. बाबांनी त्याला पोटाशी धरलं, मी पलीकडून धरलं, दोघांनी ओढलं, आणि तो एकदम सुटला. बाबा बंपर मांडीवर घेऊन मटकन खाली बसले. मी धावत गेले, तर बाबा हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, ही तर आतून कवळी काढल्यासारखी दिसते," म्हणाले. मग दोघंही फरशीवर बसून इतके हसलो, की वरच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून जिन्यातून खाली आल्या. त्यांनी बंपर धरला म्हणूनच जाळी धड बसली. मी ती प्लास्टिकच्या पट्ट्यांनी ग्रिलला आतून आवळली, अगदी हातशिलाईच्या टाक्यासारखी, जवळजवळ आणि एकसारखी. बंपर परत चढला, खिट्ट्या बसल्या, काकूंनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मी माझी मापाची पट्टी शोधायला लागले. सापडली. जाळी आणि ग्रिल यांच्यामध्ये. टोक तेवढं बाहेर, वेडावून दाखवल्यासारखं. बाबा म्हणाले, राहू दे, नवी आण.

आता खरी गंमत ऐक. जाळी बसली, पण ती काम करते की नाही हे कसं कळणार? दगड लागल्याशिवाय कळणार नाही. आणि दगड कुठे मिळणार? ट्रकच्या मागे! बाबांनी खिशातून किल्ली काढली. दादा, चौकातली ती फजिती सोडली तर महिन्याभरानंतर! मी चप्पल घालेपर्यंत इंजिन सुरू. हमरस्त्यावर खडी भरलेला एक ट्रक दिसला, तशी आमची स्वारी त्याच्या मागे. तो डावीकडे, आम्ही डावीकडे. तो हळू झाला, आम्हीही हळू. शेवटी बिचारा कडेला थांबला आणि ड्रायव्हर खाली उतरून आला. "काका, माझं काही चुकलंय का?" बाबा काच खाली करून म्हणाले, "छे छे! तुम्ही जरा वेगात चालवा, एवढंच." मी मधे पडून जाळीची हकिकत सांगितली. त्याने वाकून बघितलं, मापाची पट्टी बघितली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "लोक माझ्या मागे राहायला नको म्हणतात, तुम्ही पहिलेच." पण माणूस दिलदार. पुढे कच्च्या पट्ट्यावर त्याने खरंच वेग वाढवला, आणि खडा उडाला! ठाण्ण! आम्ही दोघं एकदम ओरडलो, "लागला!" गाडी थांबवली, पुढे धावलो, बॅटरी लावून आत पाहिलं. कंडेन्सर ठणठणीत! जाळीला ओरखडा नाही! बाबांनी हात उंचावून दाखवला, ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून सलामी दिली. येताना बाबा सबंध रस्ताभर बोलत होते. तुझ्याबद्दलही बोलले, ते लिहीत नाही.

तेव्हा गाडी विकायचा विषय आता काढू नकोस. बाबांचं "बरं" मी पुन्हा ऐकणार नाही. वहिनीला नमस्कार, पोरांचे कान माझ्या वतीने प्रेमाने पीळ.

तुझी,
धाकटी

ता. क. जाळीला ओरखडा का नाही, ते सांगायचं राहिलं. खडा पुढच्या काचेला लागला होता. माझ्या बाजूला लहानसं कोळ्याचं जाळं उमटलं होतं. आनंदाच्या भरात आम्हाला ते घरी आल्यावर दिसलं. नवी काच कालच बसली. पित्तवाला गॅरेजवाला पहिल्यांदाच हसला.

ता. क. दुसरं. हे पत्र पोस्टाने येत नाहीये, बाबाच घेऊन येताहेत. गाडीने. हे शेजारी बसून येतील (बळेच बसवलंय). तू दार उघडल्यावर ओरडू नकोस. आधी खाली ये, वाक आणि जाळी बघ. मग चांगली म्हण. आणि मग, दादा, तुझ्या पाया पडते, बाबांना पंधरा दिवस ठेवून घे. लग्नसराईचे ब्लाउज अंगावर आलेत आणि बाबांना आता माझ्या शिलाई मशीनचा वेग कमी वाटतोय.

ता. क. तिसरं, अक्षर बाबांचं.
चि. यास अनेक आशीर्वाद. पाकिटाचा डिंक कच्चा होता, चहाला थांबलो तेव्हा वाचलं. मजकूर बराचसा खरा आहे. चौकात गाडी ढकलली तिने नाही, मी. जावईबापू मागे झोपलेत. जाळी बरीच उरली होती, ती डिकीत टाकून आणली आहे. तुझ्या नव्या गाडीच्या फटी मी फोटोत पाहिल्या, फार मोठ्या आहेत. उद्या सकाळी बंपर उतरवू. सूनबाईंना इतक्यात सांगू नकोस, आणि पांढरे कपडे दोरीवरून काढून ठेव.