डाव्या दाढेची राखण

१९ नोव्हेंबर २००६, घुग्घुस
कुरखेड्याला मुलगी पाहून आलो. नाव रिना. आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. पोहे झाले, चहा झाला, आणि तिने सगळ्यांसमोर मला उजव्या हाताची बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. म्हणाली, "तीन बोटं जाऊ द्या, मंग पुढचं बोलू." आई म्हणाली, "अवो बाई, बैल घेऊन राह्यली का बाजारातून?"

कारण बाजूलाच बसले होते. तिचे वडील रामाजीभाऊ. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन त्यांचे तोंड आता बोटभरच उघडते. आम्हाला पोहे, त्यांना चमच्याने पेज. रिना म्हणाली, घरात एक आहे, दुसरा नको.

मी सांगितले, खात नाही. यात खोटे काही नाही. त्या वेळी तोंडात नव्हता.

तीन बोटे गेली. तिसरे जरा घासले, पण माझी बोटे जाड आहेत. मग तिने विचारले, "डाव्या बाजूची दाढ काऊन नाई?" मी म्हणालो, फुटाणा लागला. (मुखरूभाऊ पानठेलेवाला म्हणतो, त्याच्या खर्ऱ्यातल्या सुपारीने तुटली. माझ्या मते सुपारीच्या आधीच फुटाण्याने ती सैल केली होती.) तिने हसून मान हलवली. लग्न मे महिन्यात.

मुलगी मनात भरली. दाढ बसवायची. काढघालीची नाही, पक्की.

३ डिसेंबर
चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरांकडे. जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू घालतात. तीन-चार महिन्यांत हाड त्याला धरते. मग वर दाढ. इम्प्लांट म्हणतात.

किती वर्षे टिकेल, असे स्पष्ट विचारले. डॉक्टर म्हणाले, "नीट सांभाळलं तर वीस-पंचवीस वर्षं, कधी जन्मभरही. नाही सांभाळलं तर लवकरच परत याल." हे काय उत्तर झाले? मी गाडीच्या नंबरप्लेटवर रेडियम चिकटवतो त्याचीसुद्धा गॅरंटी देतो. वर म्हणतात, स्क्रूला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजली की हाड झिजते आणि स्क्रू हलतो. म्हणजे दोष आधीच हिरडीवर ढकलून मोकळे. त्यांच्या माहितीपत्रकात 'शस्त्रक्रिया' चुकीचे छापले आहे.

त्यांनी विचारले, सिगारेट ओढता? नाही. तंबाखू मळता? नाही. खर्रा मुखरूभाऊ घोटतो, मी मळत नाही. त्यांनी खर्रा विचारलाच नाही.

१० डिसेंबर
स्क्रू बसला. डॉक्टर सारखे म्हणत होते, "अजून मोठं उघडा." पूर्ण उघडले होते. अवजारे विदेशी असावीत, तिकडच्या जबड्यांच्या मापाची. स्क्रू कोणाचा वापरलेला तर नाही, म्हणून पाकीट दाखवा म्हणालो. दाखवले. रिकामे पाकीट कोणीही दाखवू शकतो.

आजपासून: मऊ जेवण. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मऊ ब्रश, सकाळ-संध्याकाळ. पुढे दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रशही. सहा महिन्यांनी तपासणी. खर्रा बंद. कायमचा.

१३ डिसेंबर
स्क्रू डावीकडे आहे. उजव्या बाजूने खाल्ला तर दोघांची भेटच होत नाही. हे डॉक्टरांना सुचले नाही, याचे आश्चर्य वाटते.

मुखरूभाऊला म्हणालो, चुना कमी टाक, तब्येतीचे पथ्य आहे. तो प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत म्हणाला, "का गा, दाताचं पथ्य अन् गालाले मेजवानी?" ठेल्यावरचे सगळे हसले. मुखरूभाऊ स्वतः खर्रा खात नाही. हे मला पहिल्यापासून खटकते.

२१ जानेवारी २००७
आई वरणात मिरची वाढवते आहे. गालाला नुसती आग. आज विचारले. म्हणाली, "बाबू, वरणात मिरचीच नाई. तुह्यासाठी तर बिनतिखट करून राह्यली." ताट आईकडे सरकवून चाखायला लावले. तिने शांतपणे सगळे खाऊन टाकले. सवय असेल तिला.

११ फेब्रुवारी
नवा ब्रश घेतला. तीच कंपनी, तोच रंग, पण डोके मोठे केले आहे. मागच्या दाढांपर्यंत पोहोचतच नाही. दुकानदार म्हणतो, तेच माप आहे. त्याला काय, त्याला विकायचे आहे.

रिनाचा फोन आला. हिरडीतून रक्त येते का, विचारले. येत नाही. गुळण्या? करतो. म्हणाली, "दाताले एवढा जपणारा माणूस म्या नाई पाह्यला." तिच्यासारखी नर्स म्हणते म्हणजे प्रमाणपत्रच. मग तिने विचारले, "खरंच नाई ना खात?" आमच्या इकडे फोनची रेंज नेमकी त्याच वेळी गेली. मीच बटण दाबले म्हणून गेली, पण जाणारच होती.

२५ मार्च
गुपचूपवाल्याने पाणीपुरीच्या पुऱ्यांचा आकार वाढवला आहे. एकही सबंध तोंडात जात नाही. पाणी शर्टावर. शेजारी शाळेतली मुलगी भराभर सबंध खात होती. मुलींना लहान निवडून देत असावा. तसे बोललो. तो म्हणाला, "भाऊ, एकाच डब्यातले हायेत." डब्यात वाकून पाहिले. लहान सगळे खाली लपवले असणार.

स्क्रू मात्र उत्तम. जिभेने चाचपतो. तसूभर हलत नाही.

१४ एप्रिल, सकाळ
आज आंबेडकर जयंती. मिरवणूक दुपारी आहे. उद्या दाढ बसणार, रिनासुद्धा चंद्रपूरला येणार आहे. जयंतीच्या दिवशी संकल्प मोडता येत नाही, म्हणून आज केला नाही. उद्या दाढ बसली की खर्रा बंद.

१५ एप्रिल
डॉक्टरांनी आधी एक्स-रे पाहिला. म्हणाले, हाडाने स्क्रू सुरेख धरला आहे. साठीतही राहील तिथेच. रिनाकडे पाहिले. तिचा चेहरा फुलला होता.

मग म्हणाले, तोंड उघडा. उघडले. अजून उघडा. तेवढेच होते. त्यांचा हात दाढेपर्यंत गेलाच नाही. लहान आरसा घेतला, तोही अडला. मी सांगितले, तुमची अवजारे पहिल्यापासून मोठी आहेत. डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला आणि पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारला. "खर्रा किती?"

मी रिनाकडे पाहिले नाही. ती उठून जवळ आली. म्हणाली, "बोटं घाला." दोन घातली. दुसरे निम्मे बाहेर राहिले.

ती ओरडली असती तर बरे झाले असते. हळू म्हणाली, "माह्या बाबाले वाटे, भाकर जाड झाली. मायवर चिडत, का तू भाकर जाड थापतं म्हणून. मायनं पातळ केली, आणखी पातळ केली. तुमचं काय काय मोठं झालं?"

ब्रश, गुपचूप, आरसा. सांगितले नाही. मिरची तर नाहीच.

डॉक्टर म्हणाले, स्क्रू पन्नास वर्षे टिकला तरी त्यावर दाढ बसवायला वाट हवी. आणि बसली तरी ब्रश जाणार नसेल तर हिरडी सडून तोही जाईल. आज खर्रा सोडला आणि रोज व्यायाम केला तर तोंड थोडे उघडेल. पूर्वीसारखे होईलच असे नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. एकीवर एक ठेवून दातांत घालायच्या, हळूहळू वाढवायच्या.

रिनाला कुरखेड्याच्या बसमध्ये बसवले. खिडकीतून म्हणाली, "लग्न म्या मोडलं नाई. तारीख तुमच्या तोंडात हाय. तीन बोटं गेली का फोन करा. अन् फोन कापू नका."

२२ एप्रिल
खर्रा बंद. दुकानात मागच्या गल्लीने जातो. मुखरूभाऊने तरी लांबून हाक मारली, "का गा, रागावला का?" मान हलवली. आज रेडियमचा एक आकडा वाकडा कापला. आईने भाजी केली. आग होते. "छान झाली," म्हणालो.

१३ मे
लग्नाचा मांडव आज पडायचा होता.

सात काड्या जातात. आठवी जात नाही. तिच्यावर पहिल्यापासून लक्ष होते, ती इतरांपेक्षा जाड दिसते. डॉक्टरांनी मुद्दाम घातली असावी. दुकानातली स्टीलची पट्टी आणून मोजली.

बाकीच्यांएवढीच आहे.