कडिपत्त्याभोवतीचं लोखंडी कडं

प्रिय रघुनाथराव,

आज सुनेने तुमचं लोखंडी कडं भंगारवाल्याला द्यायला काढलं, म्हणून लिहायला बसलो. तेच, निवृत्त होताना तुम्ही मला दिलेलं. इथे चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या अंगणात कडिपत्त्याला आळं म्हणून ठोकलंय. "गंजलंय हो मामंजी," म्हणाली.

तिला काय सांगू? की या कड्यात पाणी ओतून आपण शेतांची तहान मोजत हिंडलो?

गिंडीच्या माती-तपासणीच्या ऑफिसात तुम्ही तंजावरचे, पक्के. मी नवा, कच्च्या नोकरीतला. शेतात दोन कडी एकात एक ठोकायची, पाणी भरायचं. पाच मिनिटं झाली की मी हाक द्यायची, आतल्या कड्यातलं पाणी किती उतरलं ते तुम्ही पट्टीवर बघायचं. सोपं काम! पण पहिल्याच आठवड्यात ऑफिसचं घड्याळ मी त्याच पाण्यात पाडलं. साहेबांना कळतं तर नोकरी गेलीच असती. मग तोडगाही मीच काढला. शाळेत पाठ केलेली एक आर्या म्हणजे पंधरा सेकंद. वीस म्हटल्या की पाच मिनिटं. तुम्ही हसलात आणि हो म्हणालात. का म्हणालात हो?

सकाळच्या वेळी हे ठीक चालायचं. पण चेंगलपट्टूच्या वाटेवर, मुनुसामीच्या शेतात, बांधाअलीकडे सकाळी मोजून पलीकडे मोजायला बसलो तेव्हा ऊन उतरलं होतं, बगळे परतत होते. मी एकेका शब्दावर रेंगाळलो. वीस आर्यांना दहा मिनिटं लागली असतील. पाणी थोडंच माझ्यासाठी थांबणार? बांधाअलीकडची माती चिकण आणि पलीकडची चाळण निघाली! साहेब खूश. पलीकडे भात नको, भुईमूग लावा, असा अहवाल तयार होऊ लागला.

मुनुसामी ऑफिसात आला. आजोबांपासून तिथे भातच पिकतोय, एका संध्याकाळीत शेत गळकं कसं झालं, असं शांतपणे विचारत होता. मी फायलीत तोंड खुपसलं.

रविवारी मेहुण्याचं घड्याळ मागून तुम्ही एकटेच पुन्हा मोजून आलात. सोमवारी साहेबांना म्हणालात, "पट्टी मी वाचली होती. चूक माझी." मुनुसामीचा भात वाचला, तुमची बढती लांबली. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणालात, "कविता घरी म्हण रे राजा. शेतात म्हटलीस की माती जास्त पिते."

रागावला असतात तर मी कबूल तरी केलं असतं! तुम्ही रागावला नाहीत आणि मी जन्मभर गप्प राहिलो. आता तुम्ही गेलात, आणि हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

मघाशी कड्यात तांब्याभर पाणी ओतून आर्या म्हणून बघितली. दम लागतो हल्ली. एका ओळीत तीन मुक्काम. आर्या संपायच्या आत पाणी गडप. म्हणजे आमच्या अंगणातही चाळणच निघाली, रघुनाथराव!

कडं भंगारात जाणार नाही. उद्या सुनेच्या हाती घड्याळ देतो, पट्टी मी धरतो, आणि चूक कोणाची होती ते तिला सांगतो. गद्यात.

तुमचा, अजून रेंगाळणारा,
विनायक