आयती यादी

३ जून
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. एक्स-रे केंद्रातले डॉक्टर बोलतील तसे अहवाल टाइप करायचे, एवढंच काम. खोली चिमुकली, पण उजेडाची. संगणकावर लिनक्स, म्हणजे माझं माहेरच. आल्या आल्या शॉर्टकट लावले. कंट्रोल-ऑल्ट-एन दाबलं की कोरा अहवाल उघडतो. अर्धविराम देऊन ‘फु’ टाइप केलं की ‘दोन्ही फुप्फुसे स्वच्छ आहेत’ हे अख्खं वाक्य आपोआप उमटतं. डॉक्टर म्हणाले, पोरी, तू तर माझ्या तोंडाच्या पुढे धावतेस.

५ जून
आधीच्या टायपिस्टबाईंची लघुरूपांची फाईल सापडली. चारशे ओळी. वाचायचा कंटाळा केला आणि सगळीच माझ्या यादीत ओतली. स्वागतकक्षातल्या ताई सांगत होत्या, बाई एक दिवस अहवाल अर्धा टाकून उठल्या, त्या परत फिरकल्याच नाहीत. मी म्हटलं, आयती यादी ठेवून गेल्या हे काय थोडं झालं.

१० जून
आज एका शिक्षकांचं नाव टाइप केलं आणि पुढे वाक्य उमटलं : ‘उपचारांना प्रतिसाद दिला नाही. गुरुवारी निधन.’ अर्धविराम दिलाच नव्हता. त्यांना साधा खोकला, एक्स-रे साफ. कुठला तरी जुना मजकूर असेल म्हणून पुसून टाकला.

१४ जून
शिक्षक गेले. गुरुवारीच. ताईंनी चहा पिताना सहज सांगितलं, माझा चहा तसाच राहिला.
यादी उघडून ओळ न् ओळ वाचली. तळाशी नावं. बेकरीवाला. शिंपीणबाई. प्रत्येकापुढे तेच वाक्य, वार तेवढा वेगळा. दोघंही याच आठवड्यात येऊन गेलेत. बाईंना ही नावं कुठून ठाऊक?

१७ जून
बेकरीवाला काल गेला. यादीत सोमवारच होता. डॉक्टर म्हणाले, नवीन काम आहे, डोक्याला ताप करून घेऊ नकोस. सगळी नावं पुसली. तासाभराने परत जागच्या जागी. आणि खाली एक नवीन — माझा दादा. शनिवार.
आईबाबांच्या मागे मला त्यानेच वाढवलं. त्याच्याशिवाय मला कुणी नाही. फार भीती वाटते आहे.

१९ जून
शिंपीणबाई आज हसत आल्या. त्यांचा वार उलटून गेलाय! त्यांचा एक्स-रे काढल्यावर लगेच वीज गेली होती, म्हणून अहवाल डॉक्टरांनी हाताने लिहिला होता. म्हणजे नाव टाइप झालं, तरच —
दादाला खोकला आहे. उद्या एक्स-रेला येतोच म्हणतो. नको म्हटलं तर हसला.
लघुरूपांचा तो प्रोग्रॅमच संगणकावरून काढून टाकला. कीबोर्डची वायर उपटली. त्याचा अहवाल मी पेनानेच लिहिणार.

२० जून, शुक्रवार
एक्स-रे साफ. डॉक्टरांनी तसंच सांगितलं. फॉर्मवर दादाचं नाव लिहिलं. पुढे ‘दोन्ही फुप्फुसे’ लिहायचं होतं. हाताने लिहिलं ‘उपचारांना’ —
खोडलं. दुसरा फॉर्म. तेच.
तिसरा डाव्या हाताने. तेच, सुबक अक्षरात. मला डाव्या हाताने लिहिता येत नाही.
दादा बाहेर बाकावर. ताईंची थट्टा करतोय, ऐकू येतंय. हाक मारावी, पण पेन सुटत नाही —
या वहीत तरी नीट लिहीन. दादा बरा आहे. दादा ठणठणीत आहे. दादाने उपचारांना प्रति