बारीक विणीचा लॅपटॉप

२ जून, सकाळ
टेलरने राखाडी पँट परत पाठवली. म्हणे, मावशी, रफू लांबून दिसतोय. लांबून बघायला सांगितलं कोणी? त्याच्या बापाच्या वेळेपासून त्या दुकानाची भोकं बुजवतेय. आता म्हणे एक नवी मुलगी ठेवणार, मशीनवर रफू करते. मशीनवर! उद्या मशीनवर जेवतील.
सून म्हणाली, आई, डोळे दाखवून या. घारीचे डोळे आहेत माझे. हिच्या आईला मोतीबिंदू झाल्यापासून हिला घरोघर मोतीबिंदू दिसतो.
ही वही नवीन. पानावर चारच ओळी मावतात. हल्ली वह्या लहान काढतात. मार्कर मात्र चांगला, जाड.

३ जून
ठरलं. लॅपटॉप घ्यायचा.
लेकीची मुलगी परगावी नोकरीला लागतेय. पंधरा तारखेला पहिला दिवस. तिच्या काळ्या कोटाची बाही कसरीने खाल्ली होती, ती मी रफू करून धाडली. संध्याकाळी ऑफिसातून आली की व्हिडिओ कॉल करणार. सुनेचा फोन तळहाताएवढा, तोही तिच्याच हातात. मला दर वेळी नातीची नुसती हनुवटी मिळते.
टेलरला सांगून आले. पंधराला ये, मोठ्या स्क्रीनवर बाही दाखवते. भोक कुठे होतं ते शोध. सापडलं तर सुई खाली ठेवते, कायमची. नाही सापडलं तर त्या मुलीला घरी पाठव. हो म्हणाला. हसत होता. बघते.

५ जून
दुकानात जुने लॅपटॉप दुरुस्त करून, पुसून विकतात. रिफर्बिश्ड म्हणतात. म्हटलं, बाबा, आमच्यात याला रफू म्हणतात. मला कोण फसवणार? पालथा घातला, कडेने बोट फिरवलं. एक स्क्रू खडबडीत लागला. तेवढ्यावर भाव पाडला.
दुकानदार दाढीवाला. गोड बोलतो, म्हणजे लबाड. विचारतो, आजी, कशासाठी हवाय? म्हटलं, लोणी कढवायला.
मग रिझोल्यूशन निघालं. स्क्रीन म्हणे ठिपक्यांची असते. ठिपके जास्त, तेवढं चित्र बारीक. अरे, मग ही वीणच की! इंचात धागे जास्त तेवढं कापड उंची. मलमल आणि गोणपाट यातला फरक हा कालचा पोर मला सांगणार! म्हटलं, सगळ्यात जास्त ठिपके लाव. तर म्हणे, आजी, अक्षरं बारीक होतील, तुम्हाला वरून तिसरं बरं. बघा. म्हातारी दिसली की गोणपाट गळ्यात मारायचं. चांगला झापला. सगळ्यात वरचंच लावून घेतलं. तरी मेल्याने चिठ्ठीवर काहीतरी खरडून पिशवीत टाकलंच.

६ जून
अक्षरं मुंग्यांएवढी. उंची माल असाच असतो.
स्क्रीनवरचा बाण सापडेना. सून म्हणाली, आई, मधोमध तर आहे. मधोमध ठेवला कोणी?
मुलगा म्हणाला, आई, सेटिंग जरा खाली आण. म्हटलं, तू दहावीला गणित खाली आणलंस तेवढं पुरे.
उद्यापासून रोज तासभर सराव.

९ जून
सराव झाला नाही. काच धुरकट आहे, त्याला मी काय करू? दाढीवाल्याकडे नेला. त्याने फडक्याने पुसला आणि घडाघडा वाचायला लागला. शेजारी एक गिऱ्हाईक उभं होतं, तेही वाचायला लागलं. तुला कोणी बोलावलं होतं? सगळे एका माळेचे मणी.
मग त्याने ते वरून तिसरं लावून दाखवलं. एकेक अक्षर बैलाएवढं. म्हटलं, मी बालवाडीत नाव घालायला आले नाही. पुन्हा होतं तसं लावायला लावलं. निघताना म्हणतो, आजी, चिठ्ठी जपून ठेवा. तुझी चिठ्ठी घाल चुलीत.

११ जून
सून मुद्दाम विचारते, आई, स्क्रीनवर काय लिहिलंय? म्हटलं, इंग्रजीत आहे. ती म्हणाली, मराठीत आहे. म्हटलं, तुला येतंय ना, मग मला कशाला विचारतेस? तोंड बंद केलं.

१५ जून, संध्याकाळ
जिंकले.
टेलरला पुढची खुर्ची दिली. नात आली. गोरी ढगासारखी दिसत होती, नोकरी मानवली. म्हटलं, दिवसभर कोट घातलास ना? म्हणाली, हो आजी, काढलाच नाही. बाही पुढे कर म्हटलं. तिने जरा आढेवेढे घेतले, मग धरली.
मी टेलरला म्हटलं, शोध आता. स्क्रीनला नाक लावून शोध. त्याने लावलं नाही. नुसता बघत राहिला. सूनही गप्प. सून! लग्न होऊन आली त्या दिवसापासून पहिल्यांदा. मुलाला एकदम खोकला आला.
शेवटी टेलर म्हणाला, नाही सापडलं, मावशी.
मी म्हटलं, मोठ्याने बोल, नातीला ऐकू दे. पुन्हा म्हणाला. जाताना माझ्या पाया पडला. आता अक्कल आली.
मुलाला म्हटलं, त्या बाहीचा फोटो लॅपटॉपात ठेव. दाढीवाल्याला दाखवायचाय. बारीक वीण कशाला हवी असते ते कळू दे.

१६ जून
टेलरने कामाची पिशवी धाडली. सगळ्या पडद्यांच्या दुमडायच्या कडा आणि कोटांची मोठी बटणं. रफू एकही नाही. नवीन मुलगी अजून तिथेच बसते, असं सून सांगत होती. सुनेचं काय ऐकायचं?

१७ जून, दुपार
घरात कोणी नाही. फोटो बघावा म्हणून उघडला. काळं. नुसतं काळं. चिठ्ठी काढली. मेल्याने अक्षर हे एवढं मोठं काढलंय, पाच हातांवरून दिसेल. वरून तिसरं. गंमत म्हणून लावलं. बाही स्क्रीनभर झाली.
कोट काळा. रफू हिरवा.
पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्याचा वापरलेला लॅपटॉप, रंग उडाले असतील. कोटाला वापरलेलं रीळ घेऊन खिडकीत गेले. काळ्या छत्रीवर धरलं. डोळ्यापाशी आणलं. मग लॅपटॉपच्या उजेडात धरलं. हिरवं.
टाके तर असे, की कुंपण घातलंय. मधून कसर परत आत जाईल.
रिळांचा डबा सुनेने आवरला होता. तिने अदलाबदल केली असणार.
नाही. तिने फडताळ आवरलं होतं, डब्याला हात लावत नाही ती. मीच लावू देत नाही.
पोरीने तो दिवसभर घातला. काढलाच नाही.

१८ जून
पिशवी टेलरला परत केली. त्यात वर माझी सुई ठेवली होती, डबीत घालून. सांगितलं, गुडघे दुखतात. तो म्हणाला, मावशी, शिवायला गुडघे कशाला लागतात? म्हटलं, तुझ्या बापाने तुला काही शिकवलं नाही.
नातीला मेसेज धाडला, कोट परत पाठव, अस्तर बदलायचंय. सुनेने लिहून दिला. मी सांगितला तसाच.

२० जून
डोळ्यांचा डॉक्टर. मुलगा कामावर, म्हणून सून बरोबर. डॉक्टरने विचारलं, कधीपासून कमी दिसतंय? म्हटलं, लॅपटॉप घेतल्यापासून. पाच जूनपासून. त्याने डोळ्यात दिवा मारला. म्हणाला, आजी, हा मोतीबिंदू चार वर्षांचा तरी आहे. म्हटलं, तुमच्या मशीनची काच पुसा. त्याने पुसली. चार वर्षंच निघाली.
ऑपरेशन सोमवारी. आधी उजवा.
नर्सने कागद दिला, वाचून सही करा. म्हटलं, इंग्रजीत आहे. सुनेने माझ्या हातातून घेतला. मराठीतला तो कागद तिने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, हळू आवाजात. मग सही करायच्या जागी बोट ठेवलं.
सही केली. अर्धी तिच्या नखावर आली.