आमेन होईपर्यंत

९ फेब्रुवारी, रविवार

इतके महिने इकडे फिरकलो नाही. चुकलंच. वही उघडली की आधी मागचं पान दिसतं – त्यावर तिच्या गोळ्यांच्या वेळा, माझ्याच अक्षरात. पुढे सगळं कोरं. आज ते पान चिकटपट्टीनं बंद केलं आणि बसलो.

ती गेल्यापासून दर रविवारी लेकीला, बिट्टीला घेऊन सासुरवाडीला जेवायला जातो. बायकोला तसा शब्द दिला होता. मी देव मानत नाही, ती मनापासून मानायची. आमचं ठरलेलं – मुलगी मोठी झाली की तिचं ती बघेल. या ठरण्यावर आमचा संसार तेरा वर्षं नीट चालला. ते ठरलेलं मोडायला तिच्या आजाराची वाट बघत बसलेले लोक होते, असं मला वाटतं. वाटतं, असंच लिहितो. माझा राग अजून ताजा आहे, त्यामुळे माझ्या शब्दाचा भरवसा नाही.

जेवणाआधी प्रार्थना असते. सगळे डोळे मिटतात. मी मिटत नाही. त्यांचा अपमान करायचा म्हणून नाही – खोटं करवत नाही म्हणून. मी भाताच्या वाफेकडे बघत बसतो आणि आमेनची वाट पाहतो. सासरे प्रार्थना करतात. आयुष्यभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस, त्यामुळे देवाशीसुद्धा वरच्या पट्टीत बोलतात. आज म्हणाले, “या मेजाशी बसूनही जे अंधारात आहेत, त्यांच्यावर दया कर.” प्रार्थनेतून टोमणा मारला की उत्तर देता येत नाही. पाकिटावर पत्ता देवाचा, आत मजकूर माझ्यासाठी!

मी मान वर केली, तर समोर सासूबाई. डोळे टक्क उघडे. माझ्याकडेच बघत होत्या. नजर चोरली नाही. आमेन झालं, आणि म्हणाल्या, “बटाटे घ्या.”

१० फेब्रुवारी

एका नमुन्यावर निकाल देत नाहीत. पाणी तपासायच्या आमच्या प्रयोगशाळेत नव्या पोरांना रोज हेच शिकवतो – एका बाटलीवरून नळाला नावं ठेवू नका. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा उघडे! सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सासऱ्यांचं “अंधारात आहेत” आलं तेव्हा सासूबाईंनी मिठाची बाटली हळूच माझ्याकडे सरकवली. मला हसू आवरेना.

म्हणजे देवाशी त्यांचंही संपलं. पोटची मुलगी गेल्यावर कुणाचं नाही संपणार? पण बोलणार कुणापाशी? नवरा असा, मुलगा तसाच, आणि स्वतः चर्चच्या महिला मंडळात दर बुधवारी शास्त्र वाचणार. त्या घरात मी एकटा नाही, या विचारानं आज फार दिवसांनी नीट जेवलो.

१८ फेब्रुवारी

शेजारच्या टेबलावरच्या मित्राला सांगितलं. आम्ही त्याला वकील म्हणतो, कारण तो कुठल्याही देवावर खटला भरायला तयार असतो. टाळी देत म्हणाला, “म्हणजे किल्ल्यातच फितुरी! कळपातलं सगळ्यात थोरलं मेंढरूच पळालं की रे!” मीही हसलो. तिची आई आहे ती. मेंढरू म्हटलं गेलं आणि मी हसलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

परत येताना बिट्टी म्हणाली, “बाबा, तू डोळे का मिटत नाहीस?”

“तुला काय माहीत? तू मिटले असशील ना?”

“मी फटीतून बघते.”

“का?”

“मासा कुणाला मोठा आला ते.”

तिची आई गेल्यावर पहिल्यांदा रस्त्यात एवढ्या मोठ्यानं हसलो. मग तिनं विचारलं, “आईला ठाऊक होतं? तू मिटत नाहीस ते?” होतं, म्हटलं. “मग ती रागवायची?” नाही, म्हटलं. “आजोबा म्हणतात, तू आईच्या वेळी बाहेर निघून गेलास.”

अकरा वर्षांच्या पोरीला हे सांगतात!

२ मार्च, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. नंतर मी त्याला माझ्या सोयीनं वळवीन.

प्रार्थना झाली. सासूबाईंचे डोळे उघडेच होते. सासऱ्यांनी वाढून घेतलं आणि सहज सांगावं तसं सांगितलं, “बिट्टीचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात. चर्चच्या पाळकांशी बोललोय.” मी म्हणालो, आमचं वेगळं ठरलं होतं. ते म्हणाले, “जिच्याशी ठरलं होतं ती आता परमेश्वराकडे आहे. तिकडून तिला काय हवंय, ते तुम्हाला कसं कळणार, जावईबापू?”

मी म्हणालो, तुम्हाला बरं कळतं सगळं.

मग ते ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले. “माझी मुलगी शेवटचा श्वास घेत होती, तेव्हा तू पाठ फिरवून गेलास. प्रार्थना ऐकवली नाही तुला! आम्ही होतो तिच्याजवळ. हसत गेली ती. मी पाहिलं. तू काय पाहिलंस? भिंत?”

त्या दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत ते, सासूबाई, मेहुणा आणि चर्चच्या दोन बायका पलंगाभोवती हात धरून उभे होते. मी म्हणालो होतो, तिला शांत पडू द्या. कुणी ऐकलं नाही. मी तावातावानं बाहेर पडलो आणि पाण्याच्या मशीनपाशी उभा राहिलो. आत गेलो तेव्हा संपलं होतं. ते म्हणतात मी सोडून गेलो. मी म्हणतो त्यांनी मला हाकललं. तिची शेवटची नजर त्यांना मिळाली आणि ती माझी होती – हे मी त्यांना कधी माफ केलेलं नाही.

तर आज ते ‘भिंत’ म्हणाले आणि मी बोललो. “स्वतःच्या घरात बघा आधी! विचारा आईंना, प्रार्थनेला डोळे मिटणं त्यांनी कधीपासून सोडलंय! त्यांनासुद्धा पटत नाही तुमचं, फक्त तुमच्यापुढे बोलायची सोय नाही!”

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाईंनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला – आवाज होऊ नये इतका हळू – आणि आत गेल्या. बिट्टी रडायला लागली.

कोट विसरून आलो.

३ मार्च

खोटं तर काही बोललो नाही. हे वाक्य सकाळपासून घोळवतोय. जितकं घोळवावं तितकं खोटं वाटतं.

६ मार्च

मेहुण्याचा फोन. सासूबाई काल मंडळात गेल्या नाहीत. वाचायचं काम दुसऱ्या बाईंकडे गेलं. बायकांत कुजबुज आहे. सासरे त्यांच्याशी बोलत नाहीत. “ताई तर गेलीच. आता आईचा विश्वासही खाल्लात. पोट भरलं?”

वकील म्हणाला, “अभिनंदन! पडली एक विकेट.”

त्याला म्हटलं, तोंड बंद ठेव. त्याला कळेना, काय चुकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. गेल्या महिन्यात मी हेच ऐकायला त्याच्याकडे गेलो होतो.

दुसऱ्या शहरात आमच्या खात्याची नवी प्रयोगशाळा उघडतेय. साहेबांनी बदलीचं विचारलं होतं. सोमवारी हो सांगणार. बिट्टीला या सगळ्यातून बाहेर काढायला हवं. रविवार बंद.

९ मार्च, रविवार

घरीच जेवलो. बिट्टी सकाळपासून बूट घालून बसली होती. जायचं नाही म्हटल्यावर काढले नाहीत, तशीच टेबलाशी आली. ताट पुढे ठेवलं तर हात जोडून डोळे मिटले. मोठ्यानं काही बोलली नाही. माझा घास हातात. खाऊ की थांबू? थांबलो. फटीतून बघतेय का, हे बराच वेळ बघत राहिलो. बघत नव्हती.

१० मार्च

साहेबांना म्हणालो, दोन दिवस द्या.

१२ मार्च, बुधवार

सासूबाई आज प्रयोगशाळेत आल्या. बुधवारी, मंडळाच्या वेळेला! हातात माझा कोट. आजवर कधी इथे आल्या नव्हत्या. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “चालू द्या तुमचं. हात चालू असले की ऐकणं सोपं जातं.”

मी म्हणालो, “आई, मी त्या दिवशी –”

“ते राहू द्या. तुम्हाला वाटलं, मला देव राहिला नाही.”

“मग डोळे?”

त्यांनी कोटाची बाही सरळ केली. “देव आहे. सध्या आमचं पटत नाही, पण आहे. तो नसता तर भांडले कुणाशी असते?” मग थोडं थांबून, “त्या दिवशी तिचा हात माझ्या हातात होता. ह्यांनी प्रार्थना सुरू केली. लांबली. ह्यांची लांबतेच. मी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच बोटं सैल पडली. मला वाटलं, झोप लागली. आमेन झाल्यावर बघितलं तर…”

“पण तुम्ही सगळे होता ना तिथे?”

“सगळे होतो. बघत कुणी नव्हतं.”

माझ्या हातातली चिठ्ठी वाकडी लागली.

“तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटत नाहीत. मिटायला गेलं की वाटतं, उघडेपर्यंत कोण असेल, कोण नसेल. म्हणून एकेकाकडे बघत बसते. बिट्टीकडे. ह्यांच्याकडे. तुम्ही पण उघडेच ठेवता, तर बरं वाटायचं. दोघांत राखण सोपी जाते.” उठताना म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही आत असतात तर, असं फार वेळा वाटतं. तुम्ही काही डोळे मिटले नसते.”

दोष देत नव्हत्या. दिला असता तर बरं झालं असतं.

दारातून पुन्हा वळल्या. “ह्यांना बोलू नका. ह्यांना वाटतं, त्यांनी तिला हसताना पाहिलं. तेवढं राहू द्या त्यांच्याजवळ.”

मिठाच्या बाटलीवरून मी या बाईला नास्तिक ठरवलं! माझ्या हाताखालच्या पोरानं असा निकाल दिला असता, तर मी त्याला घरी पाठवला असता.

१३ मार्च

तिची शेवटची नजर कुणाकडेच नाही. इतके महिने मी त्यांच्याकडे मागत होतो, ते त्यांच्याजवळ नव्हतंच. राग कुठे ठेवायचा आता?

साहेबांना काही सांगितलं नाही.

१५ मार्च, शनिवार

दुपारी सासऱ्यांचा फोन. बिट्टीला आमच्यापासून तोडू नका, असं सांगायला केला होता, पण तोंडून पहिलं तेच जुनं आलं – “आम्ही होतो तिच्याजवळ. मी पाहिलंय तिला जाताना. तुम्ही नव्हता.”

एका वाक्यात त्यांना भुईसपाट करता आलं असतं. शब्द जिभेवर होते.

मी म्हणालो, “हो पप्पा. तुम्ही पाहिलंत. मी नव्हतो.”

मग ते बोलले. इंजिनरूमचा आवाज पार गेलेला. “तुम्ही असायला हवं होतं हो. निदान कुणी एकानं तरी… मी आपला बोलत बसलो. बोलतच बसलो.” आणि मग घाईनं, “हिला सांगू नका. हिला वाटतं, मी पाहिलं.”

उद्याचं काम: सासुरवाडीला जेवायला जायचं, प्रार्थनेला सासूबाईंच्या समोरच्या खुर्चीवर राखणीला बसायचं.