लॅचचा खटका

नाना, आज सिडकोतल्या एका दारासमोरून मी हत्यारांची पेटी न उघडता परत आले. तुम्ही असतात तर गिऱ्हाइकासमोर काही बोलला नसतात, पण दुकानात आल्यावर मजुरी सोडली म्हणून मला चांगलं झापलं असतंत. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की दुकानाच्या पाटीवरचं तुमचं नाव मला नव्याने रंगवून घ्यावं लागलं. तरी तुमच्याशी भांडायचं राहिलंय ते राहिलंच आहे, म्हणून लिहायला बसले.

ज्याने बोलावलं तो एका मुलीचा बाप होता. "लॅच अडकलाय," एवढंच फोनवर म्हणाला. तिथे गेल्यावर कळलं, मुलगी स्वतःच लॅच लावून बसली होती. मी दारावर टकटक केली, हाक मारली. "ताई, मी चावीवाली. तुझ्या वडिलांनी बोलावलंय. दार उघडू का?" आतून स्पष्ट आवाज आला, "नको. मला काही झालेलं नाही. मला आत्ता यांच्यासमोर यायचं नाहीये." मी पेटी उचलली. त्यावर तो माणूस म्हणाला, "अहो, तुमच्या वडिलांनी असं केलं नसतं. लय सरळ माणूस. आमच्या जुन्या घराचं दार त्यांनी चुटकीसरशी उघडून दिलं होतं." जिना उतरताना माझ्या अंगाची नुसती आग होत होती. सरळ माणूस म्हणे!

हाक मारायची ही रीत तुमचीच. शाळा सुटल्यावर मी दुकानात येऊन बसायचे, तेव्हापासून ऐकलेली. "घर कोणाचंबी असू दे, आत माणूस हाय तर दार त्याचं. आधी हाक मारायची, हो म्हणू द्यायचं, मगच पट्टी घालायची." पट्टी म्हणजे जुन्या एक्स-रेच्या फिल्मची. भंगारवाल्याकडून तुम्ही त्या फिल्मा आणायचात आणि मी कात्रीने कापून द्यायचे. दाराच्या फटीतून पट्टी सरकवली की लॅचची तिरकी जीभ मागे जाते आणि दार सुटतं. सुटलं की तुम्ही बाजूला व्हायचात. "उघडायचं आपण, ढकलायचं घरच्यांनी." लोकांच्या घरात आपण पहिलं पाऊल टाकायचं नाही, असा तुमचा दंडक होता.

स्टुलावरून पडून माझं मनगट मोडलं, त्याचा एक्स-रेही तुम्ही वाया जाऊ दिला नाहीत. "फिल्म चांगली जाड हाय," म्हणालात, आणि प्लॅस्टर निघाल्यावर माझ्याकडूनच तिची पट्टी कापून घेतलीत. काळ्या फिल्मवर माझ्या मनगटाची पांढुरकी हाडं. तीच तुमची सगळ्यात लाडकी पट्टी झाली. "माझ्या पोरीच्या हातानं आख्ख्या नाशकाची दारं उघडतात," असं तुम्ही चहावाल्यापासून सगळ्यांना सांगायचात. मी कशी फुगायचे!

मग दिंडोरीकडचं द्राक्षबागांचं घर, मोठं लग्न, आणि हात उचलणारा नवरा. मी माहेरी आले, स्वयंपाकघरात बाही वर करून तुम्हाला दंड दाखवला. आईने लाटणं खाली ठेवलं. तुम्ही बाहेर गेलात आणि संध्याकाळी नवा लॅच घेऊन आलात. आतल्या खोलीच्या दाराला स्वतः बसवलात. "आतून लाव आणि बिनघोर राहा. तुझ्या मर्जीशिवाय हे दार उघडणार नाय." पेटी आवरता आवरता म्हणालात, "लॅचवरचा तो बारका खटका तेवढा लावू नको. अडकतो. मग दार तोडावं लागंल." मी मान डोलावली. तुमच्याइतकं त्यातलं कोणाला कळत होतं?

सासरची माणसं जीप घेऊन आली ती भर दुपारी. बरोबर गावातली वडीलधारी मंडळी. मी खोलीत शिरून लॅच लावला. बाहेर कपबशा वाजतायत, कोणी म्हणतंय, "पोरीची जात, असं कुठवर ठेवणार?" मग बोलणी थांबतात आणि दारापाशी पावलं येतात. पावलं तुमची आहेत. मी हाकेची वाट बघते आहे. परक्या माणसाला विचारता, मला विचारालच. हाक येत नाही. फटीतून पट्टी आत येते आणि तिच्यावर माझंच मनगट असतं. जीभ मागे जाते. तुम्ही रीतीप्रमाणे बाजूला होता, आणि दार ढकलतो तो माझा नवरा.

त्यानंतर सासरी मी जे काढलं ते इथे लिहीत नाही. कायमची परत आले तेव्हा तुम्ही दुकानातल्या बाकावर सरकून मला जागा दिलीत, हातात कानस दिलीत आणि धंदा शिकवलात. त्या दुपारबद्दल एक अक्षर नाही. मीही मनाची समजूत घातली होती, की चार माणसांपुढे तुमचं काही चाललं नसेल, त्या घटकेला माणूस डगमगला असेल. जवळजवळ माफच केलं होतं मी तुम्हाला.

मग एका गिऱ्हाइकाला तुम्ही लॅच दाखवत होतात. "हा खटका लावला की जीभ जागच्या जागी बसते. मग पट्टी घाला नायतर काय घाला, कोणाच्या बापाला उघडणार नाय." बोलून गेलात आणि माझ्याकडे पाहिलंत. लगेच मान खाली घालून चावी घासायला लागलात. तेव्हाही बोलला नाहीत, नाना.

तुम्ही गेल्यावर मी तो लॅच दारावरून काढला आणि खोलला. स्प्रिंग ठणठणीत, गंजाचा ठिपका नाही. खटका लोण्यासारखा सरकत होता. म्हणजे शब्द दिलात त्याच संध्याकाळी तुम्ही आत यायची वाट राखून ठेवली होतीत. आई म्हणायची, "तू जिवाचं काही करून घेशील अशी धास्ती होती त्यांना." असेल. पण मग त्या वाटेने त्याला का आत सोडलंत? जीप आली त्या दिवसाचं मी गिळलं असतं. लॅच बसवलात त्या दिवसाचं गिळता येत नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तर एवढं सांगून टाकते. तो लॅच मी फेकला नाही. आता राहते त्या घराच्या दाराला तोच आहे. रोज आत आल्यावर लावते. खटक्याला मात्र हात लावत नाही. तुम्ही म्हणाला होतात ना, अडकतो म्हणून.