साहेबांच्या मापाची तिरडी

९ जानेवारी १९७१, शनिवार

तिरडी बांधून झाली! छगननं दुपारच्या सुट्टीत बांधली, आणि काय बांधली! गावात कुणी गेलं की छगनलाच हाक मारतात, त्यामुळं हात बसलेला. मंगळवारी तिच्यावर गवताचे मॅनेजरसाहेब झोपणार. आम्ही सगळे ट्रक ड्रायव्हर कारखान्याच्या गेटसमोर त्यांची अंत्ययात्रा काढणार. पुढं मडकं धरून राधाकृष्ण – युनियनचा अध्यक्ष, तेव्हा मान त्याचा. मी सेक्रेटरी. भाषण माझं!

मागणी एकच. मच्छिंद्रला कामावर परत घ्या. ब्रेक धरत नाहीत म्हणून तो गॅरेजमध्ये सांगून सांगून दमला. "सीझन चालू हाय, काढ गाडी." काढली. पाटाच्या वळणावर ट्रक उसासकट शेतात! कुणाला खरचटलंसुद्धा नाही, तरी मच्छिंद्र सस्पेंड. पंचवीस तारखेला संचालक मंडळ बसतंय. त्याला कायमचा काढायचा ठराव येणार म्हणे.

आणि मच्छिंद्र म्हणजे माझा सख्खा मेहुणा. त्यामुळं युनियन गेटवर जे बोलणार ते पुष्पा घरात रोज बोलते. "कसले तुमी सेक्रेटरी? माज्या भावाला कामाव लावा, मग मिशीला पीळ भरा." मिशी मी गेल्या वर्षीच काढली! पण हे तिला सांगणार कोण?

१० जानेवारी, रविवार

छगननं घोळ घातला. तिरडी ट्रकशेडमागं लपवलेली. शेडमागं साहेबांच्या बंगल्याचं कुंपण, आणि कुंपणापाशी उन्हाला खुर्ची टाकून साहेबांच्या आई. माई म्हणतात सगळे त्यांना. त्यांनी विचारलं, "कोण गेलं रे?"

छगन म्हणाला, "कुनी न्हाई माई. अजून."

मग काय, म्हातारीनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मच्छिंद्र, ब्रेक, मंगळवार, गवताचे साहेब – सगळं! छगनला वाटलं, आता पोलीस. तर माई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. म्हणाल्या, "अरे, आखूड बांधलीस. माझा मुलगा उंच आहे, पाय बाहेर लोंबतील. बांबू बदल."

आणि ह्या बहाद्दरानं खरंच बदलले! राधाकृष्णनं कपाळाला हात लावला. मी मात्र हसून हसून बेजार झालो.

११ जानेवारी, सोमवार

भाषण पाठ झालं. पुष्पा म्हणते, लांबलंय. टाळ्यांना जागा सोडली की लांबणारच!

१२ जानेवारी, मंगळवार

माई गेल्या. पहाटे झोपेतच.

सातला आम्ही सगळे शेडमध्ये जमलो होतो. बोर्ड तयार, मडकं तयार. बंगल्यावरचा माळी सांगत आला. गवताचे साहेब कोपऱ्यात उभे होते – कुणीतरी त्यांना घाईघाईनं पोत्याखाली ढकललं.

मीटिंग जागेवरच. राधाकृष्ण म्हणाला, "आज मुर्दाबाद कुठल्या तोंडानं म्हनायचं?" दोघंतिघं कुरकुरले – पंचवीस तारीख काय थांबणार आहे? खोटं नव्हतं ते. गेली पंधरा वर्षं ह्या गेटवर कुणी ब्र काढला नव्हता. मोठ्या मुश्किलीनं सगळे एका ठिकाणी आले होते. एकदा पांगले की पुन्हा कुठले जमतात? मी मच्छिंद्रकडं बघितलं. नोकरी त्याची, बोलायचं त्यानं. तो म्हणाला, "पुढं ढकला. माज्यापायी कुनाच्या मयताव वरडू नका. त्यांचं तेरावं होऊ द्या."

हात वर. सगळ्यांचे. ठराव पास.

मग टोप्या नीट करून बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात उभे होते, पायात एकच चप्पल. मुंबईचा माणूस. आमच्याकडं बघून म्हणाले, "इथं सामान कुठं मिळतं? मला यातलं काहीच माहीत नाही हो."

छगन म्हणाला, "साहेब, तयार हाय."

मी त्याच्या पायावर पाय दिला! पण साहेबांनी काही विचारलं नाही. माईंना त्याच तिरडीवर ठेवलं. एवढीशी म्हातारी, आणि तिरडी ही लांब! मी खांदा दिला. माझ्या पुढं मच्छिंद्र, आणि सगळ्यांच्या पुढं मडकं धरून साहेब. मला रडू आलं. का आलं? माझी कोण होती ती? पण आलं.

१३ जानेवारी, बुधवार

काल पिठलं-भाकरीची पाटी घेऊन बंगल्यावर सगळ्यांच्या आधी पुष्पाच! घरी आल्यावर मात्र – "रिकामी तिरडी बांधून ठेवलीत, म्हनून गेली म्हातारी. आन् वर माज्या भावाचा मोर्चा बी गेला."

मोर्चा आता पंचवीसला, म्हणून सांगितलं. पण दिवसभर गाडी चालवताना ती तिरडीच डोक्यात.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. तिळगूळ खाल्ला. घोषणा तोंडातच राहिली आणि तीळ दातात.

१८ जानेवारी, सोमवार

ऑफिसातले कारकून आम्हाला बघून खोकतात. "युनियन सुतकात हाय का?" वजनकाट्यावरचा श्रीमंत नावाचा कारकून तर सरळ म्हणाला, "घाबरले ड्रायव्हर." मी उतरून त्याच्या काट्यावर उभा राहिलो. म्हटलं, कर वजन, भीती किती भरते बघ! सगळे हसले, तोही हसला. पण खरं सांगायचं तर माणसं गळायला लागलीत. दोघांनी पंचवीसला रजा टाकली.

सोनईहून भिमाजींचाही निरोप आला. मच्छिंद्रचे होणारे सासरे. "पंचवीसपर्यंत वाट बघतो. नोकरी न्हाई तर मग आमी दुसरीकडं बघू." मच्छिंद्र निरोप ऐकून ट्रक पुसत बसला. ट्रक त्याचा नाहीच आता, तरी पुसत होता. मला ते बघवेना.

२० जानेवारी, बुधवार

नवे बोर्ड रंगवले. 'मुर्दाबाद' कुठंच नाही. तिरडी नाही, मडकं नाही. राधाकृष्ण जरा खट्टू – मान गेला! नुसतं 'मच्छिंद्रला न्याय द्या'. छगन म्हणतो, फिकं वाटतं. वाटू दे.

२३ जानेवारी, शनिवार

माईंचं तेरावं. सूर्य उगवायच्या आधी गेल्या, म्हणून दिवस सोमवारपासून धरले. साहेबांनी सगळ्या ड्रायव्हरांना जेवायला बोलावलं! जावं की न जावं यावर तासभर भांडण. सोमवारी ज्याच्या नावानं ओरडायचं त्याच्या घरी आज लाडू कसे खायचे? शेवटी छगन म्हणाला, "लाडू माईंचं हायेत, साहेबाचं न्हाईत." गेलो. ह्यानंच सगळ्यात जास्त हाणले.

पान उचलताना साहेब छगनपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बांबू तुम्हीच बदललेत ना?"

छगनच्या घशात लाडू अडकला. मी पाठीवर थापा मारतोय आणि साहेब शांतपणे सांगतायत – "रविवारी रात्री जेवताना आईनं सगळं सांगितलं मला. पोटभर हसली. वडील गेल्यापासून इतकी हसलेली मी बघितली नव्हती." मग डोळे पुसून म्हणाले, "तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

म्हणजे त्या दिवशी साहेबांना माहीत होतं! आपल्यासाठी बांधलेल्या तिरडीवर आई ठेवली, आणि शब्द काढला नाही! पुष्पाला सांगितलं. ती चुलीपुढं बसून रडली, मग म्हणाली, "म्हातारी हसत गेली म्हनायची." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

पण मच्छिंद्रचं? निघताना धीर करून विचारलं. साहेब म्हणाले, "ते मंडळाच्या हातात आहे." एवढंच. आणि आत गेले. लाडू एकदम कडू.

२४ जानेवारी, रविवार

ठरलं. उद्या सकाळी आठला, गेटवर. किती जण येतील कोण जाणे. मच्छिंद्रनं कपडे इस्त्रीला टाकलेत – सोनईला जायचं की शेतात राबायला, त्यालाच ठाऊक नाही.

२४ तारीखच, संध्याकाळ

साहेबांची जीप शेडपाशी आली. उतरले नाहीत, इंजिनही बंद केलं नाही. मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आठला गेटवर कशाला? तिथं कोण ऐकणार? संचालक अकराला येतात. मीटिंगच्या खोलीच्या खिडक्या मागं, आंब्याच्या बाजूला आहेत – मी उघड्या ठेवतो. मच्छिंद्रला परत घ्या म्हणून महिनाभर सांगतोय, माझ्या एकट्याचं ऐकत नाहीत ते. आवाज मोठा ठेवा."